दारं नसलेली गाडी

परवा सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. हातातलं पीठ तसंच परातीत ठेवून मी अंगणात आले. भोंगा काय दरवर्षी वाजतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं, तरी मी दरवर्षी बाहेर येते. हंगाम सुरू झाला. आता होळीपर्यंत आमच्या गावच्या, अंथुर्ण्याच्या हवेला रसाचा गोड वास येणार. रस्त्यावर उसाची टिपरं पडणार, उसाच्या ट्रॉल्यांमागं वाहनांच्या रांगा लागणार आणि वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एवढा मोठा भारा घेतलेली सायकल समोरून आली की सायकलवाला कुठं आहे ते शोधावं लागणार.

तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. रडकुंडीला आली होती बिचारी. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, एक जुनी जीप विकत आणली होती. "अगं, एसी नाही, काचा नाहीत, दारंसुद्धा नाहीत तिला! चांगला शिकलेला मुलगा, आणि रविवारभर त्या खटाऱ्यापुढं उकिडवा बसतो. आता तूच त्याला चार शब्द सांग." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी काय सांगणार, कपाळ! तिनं फोन केला तो नेमका चुकीच्या माणसाला. नव्वदच्या दशकातला एक अख्खा हंगाम माझ्या डोळ्यांपुढून धूळ उडवत निघून गेला आणि परातीतलं पीठ वाळलं ते वाळलंच.

मी वालचंदनगरची, म्हणजे कॉलनीतली. वडील तिथल्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, त्यामुळं घरातसुद्धा सगळं रेघेत. क्वार्टरांची रांग सरळ, मेंदीचं कुंपण सरळ, आमचे भांग सरळ. नळाला ठरल्या वेळी पाणी आणि क्लबात ठरल्या वारी सिनेमा. तशी आमची मुळं मेंढरामागचीच. माझे आजोबा कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. वडील शिकले आणि क्वार्टरात राहायला आले, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्या फरकानं आमच्या नाकाला फार चोचले आले होते. लग्न होऊन अंथुर्ण्याला आले तेव्हा सासरी बागायती शेती होती, पक्कं घर होतं, आणि शेताच्या कडेला सासऱ्यांची मेंढरंही होती.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. कोकणात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण मेंढरं सोडली नव्हती. थोडासा कळप राखून होते. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, आणि आबांना घराबाहेर राहायला निमित्त मिळतं. सामान वाहायला त्यांची एक घोडी होती, ती म्हातारी होऊन गेली. आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत म्हणे. तेव्हा आमचे हे पुण्याला गेले आणि मिलिटरीच्या लिलावातून ही जीप घेऊन आले.

जीप दारात आली तेव्हाचा प्रसंग सासूबाई साभिनय सांगायच्या. आबांनी जीपभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, "दात बघितलं का?" ह्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. आबांनी आत वाकून बघितलं, हूं म्हणाले. "पाणी किती पिती?" "पाणी थोडं, आबा. पेट्रोल लई पिती." "म्हंजी खायाला घालायाच पायजे की," आबा म्हणाले, आणि सासूबाईंना हळद-कुंकू आणायला सांगितलं. तेव्हापासून त्या गाडीला घरात कुणी गाडी म्हटलंच नाही. ती 'घोडी'च झाली.

घोडीला दारं नव्हती, काचा नव्हत्या, किल्लीसुद्धा नव्हती. एक खटका होता तो फिरवायचा. समोर चार घड्याळं, त्यातलं एक चालायचं, आणि तेही कशाचं ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. वर ताडपत्री. पुढची काच दोन खिट्ट्या काढल्या की बॉनेटवर आडवी व्हायची. बॅटरी बहुतेक वेळा झोपलेली, त्यामुळं पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं तेव्हा ती जागी व्हायची. जमिनीतून तीन दांडे वर आलेले. एक गिअरचा, एक चारही चाकांना ताकद देणारा, आणि एक चिखलाबिखलात अगदी हळू पण जोरात ओढायचा. आणि बैठका! जुन्या फाटल्या होत्या म्हणून आबांनी त्या स्वतः भरून दिल्या होत्या, मेंढरांच्या लोकरीनं. कातरणी झाल्या झाल्या, न धुतलेल्या लोकरीनं. धनगराच्या घराशिवाय ही अक्कल दुसऱ्या कुणाला सुचायची नाही. बसायला मऊ, थंडीत उबदार. पण जरा दव पडलं की गाडीत एक मेंढी बसून आल्यासारखा वास यायचा. तो वास पातळाला लागायचा, केसांना लागायचा. मी कॉलनीतली, मी रोज नाकाला पदर लावायची.

लग्नानंतरचा पहिलाच हंगाम होता. माझ्या मामेबहिणीचं लग्न वालचंदनगरला, क्लबाच्या हॉलमध्ये. मी शालू नेसलेली, अंबाड्यावर गजरा. जाता जाता ह्यांनी मेंढरांना वाढं टाकलं आणि आम्ही निघालो. हॉल भरलेला, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली. भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि दारातून 'ब्यां' यायला एकच गाठ पडली. सगळ्यांनी माना वळवल्या. पहाटे जन्मलेलं एक कोकरू. त्याच्या आईला दूध नव्हतं म्हणून घरी न्यायला आबांनी जीपच्या मागच्या घोंगड्यात ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे ते साफ विसरलो होतो. गाडीला दारं नव्हतीच. चार काड्यांसारख्या पायांवर लटपटत ते हॉलच्या मधोमध आलं, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि एवढ्या बायकांतून बरोबर माझ्या शालूपाशी येऊन उभं राहिलं. माझ्याच अंगाला लोकरीचा वास येत होता ना!

मामी लाल झाली. माझे वडील एवढे हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. आणि आमचे हे? त्यांनी कोकरू उचललं, नव्या कोटाच्या आत घातलं आणि थेट आचाऱ्याकडं गेले, "वाईच दूध द्या हो, भुकेजलंय" म्हणत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतताना मी रस्त्यातच सांगून टाकलं. "हंगाम संपायच्या आत ही गाडी घरातून गेली पाहिजे. दार लावलं की बंद होणारी, काचा वर-खाली होणारी गाडी आणायची. नाहीतर ह्यापुढं मी तुमच्याबरोबर कुठल्या लग्नाला येणार नाही." ह्यांनी समोरचा एक खड्डा सावकाश चुकवला. मग "बरं" म्हणाले. बस्स, तेवढंच. कोकरू माझ्याच मांडीवर झोपलं होतं. घरी येऊन ह्यांनी आबांना आणि सासूबाईंना तसं सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, चला, मी जिंकले.

आता नवी गाडी येणार म्हटल्यावर हे म्हणाले, "ती तुलाच चालवायची हाय. मी उसाच्या मागं, मला कुठला येळ? तवर हिच्यावर हात बसवून घे. हिला कुठं खोक पडली तरी वळखू येनार न्हाय." म्हणून, केवळ नव्या गाडीसाठी म्हणून, मी त्या खटाऱ्याचं चाक हातात धरलं. पाटाच्या कडेनं एक कच्चा रस्ता जातो, तिथं माझी शाळा भरायची. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे मी, आणि शेजारी जीव मुठीत धरून बसलेले हे. हँडल कसं मारायचं ते आधी शिकवलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरलं तर मनगट कामातून गेलं. क्लच दाबायला मला सीटच्या टोकाला सरकावं लागायचं. स्टिअरिंगला एवढा खेळ, की आधी अर्धा फेरा नुसता विनंती म्हणून फिरवायचा, मग गाडी विचार करायची, आणि मग वळायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला उसात घातली. ऊसतोडीच्या बायका कोयते टाकून हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमी तोडणारच हाय, तुमी कशाला तरास घेता?"

मी चिडले, पण मला हसूही आलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी काहीतरी झालं. उसातून मागं काढताना मी तो दुसरा दांडा ओढला, चारही चाकांनी एकदम माती धरली, आणि ती अवजड वस्तू एखाद्या शहाण्या जनावरासारखी आपली आपण बाहेर आली. माझ्या तळपायाला तिची थरथर कळत होती. कुठलं चाक फिरतंय, कुठलं नाही, ते पायाला समजत होतं. रात्री जेवताना मी सहज म्हणून विचारलं, "त्या तिसऱ्या दांड्याचं काय असतं हो?" ह्यांनी घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

माझ्या भाच्याला विचारा, तो तांत्रिक काहीतरी सांगेल. माझं म्हणणं साधं आहे. ह्या गाडीत झाकलेलं काही नसतं. बॉनेट उघडलं की सगळं इंजिन समोर, आणि भोवती एवढी मोकळी जागा की हातातून पाना निसटला तर तो थेट जमिनीवर पडतो. वाकायचं आणि उचलायचं. आताच्या गाडीत पाना पडला तर तो त्या गाडीचाच होऊन जातो. आताची गाडी बिघडली तर एक लाल दिवा लागतो आणि आपण हात जोडून बसायचं. आमची घोडी बिघडायच्या आधी सांगायची. खोकायची, कण्हायची, कडेनं थेंब टाकायची. तिचं ऐकायची सवय लागली की माणूस हळूहळू दुसऱ्यांचंही ऐकायला लागतो, असा माझा अनुभव आहे. निदान माझ्यात तरी फरक पडला, असं सासूबाई म्हणायच्या.

आणि ती दारं नसण्याची गंमत! रस्त्यानं जाताना मधे काही नाही. कुणी हाक मारली तर ऐकू येते, कुणी हात केला तर त्याचा चेहरा दिसतो. वेग बेताचा, त्यामुळं चालत्या माणसाशी दोन शब्द बोलून होतात. त्या हंगामात मला रस्त्यात काय काय मिळालं! हरभऱ्याचा डहाळा, उसाचं कांडकं, चुलत्याला पोचवायचा डबा, एकदा तर एका आजीनं बसच्या फाट्यापर्यंत सोडायला आपली म्हातारी बहीणच माझ्या शेजारी आणून बसवली. विचारलंही नाही. बंद काचेच्या गाडीतल्या माणसाला कुणी डहाळा देत नाही हो. तो भुर्रकन निघून जातो आणि मागं धूळ राहते.

पण मी तिच्या खऱ्या अर्थानं प्रेमात पडले ती त्या चिखलाच्या सकाळी. हे ऊस घेऊन कारखान्यावर गेलेले. मी चहा गाळत होते तोच सासूबाई रानातून धावत आल्या. "आगं, पाटाचा दंड फुटला! समदं रान पाण्यात हाय, मेंढरं मधी आडाकल्यात!" त्या आठवड्यात मेंढ्या व्यालेल्या होत्या, कोकरं दोन-तीन दिवसांची. आमची काळी माती एकदा भिजली की माणसाचा जोडा ओढून घेते. ट्रॅक्टर सगळे उसावर. मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि हँडल मारलं. पहिल्यांदा एकटी.

बांधाशी पोचले तर मधोमध आबा गुडघाभर चिखलात उभे. दोन्ही काखेत कोकरं, धोतराच्या ओच्यात कोकरू, आणि भोवती मेंढ्या ओरडतायत. थंडीचे दिवस, भिजलेलं कोकरू तासभर टिकत नाही. मी मागं-पुढं न बघता तिन्ही दांडे वापरले. गाडी कण्हत, फुरफुरत, पोटापर्यंत चिखलात बुडून पुढं सरकत राहिली. एक्सिलेटर हळू दाब, हळू दाब, असं मीच मला ओरडून सांगत होते. आबांपाशी पोचले. आम्ही दोघांनी कोकरं उचलून उचलून त्या लोकरीच्या बैठकांवर ठेवली. आणि काय सांगू, त्या उबदार घाणेरड्या वासात ती पिल्लं एकदम गप झाली. त्यांना आईच्या पोटाशी आल्यासारखं वाटलं असणार. मी गाडी वळवली, आणि सगळ्या मेंढ्या चिखल तुडवत आमच्या मागं. एकही कोकरू गेलं नाही. कोरड्यात आल्यावर आबांनी बॉनेटवर थाप मारली, "शाब्बास!" ते मला म्हणाले की घोडीला, मी विचारलं नाही. मी रडत होते आणि हसतही होते, आणि माझ्या नाकाला त्या दिवशी कसलाच वास आला नाही.

मग काय, मला पंखच फुटले. बारामतीला जायचं, मी नेते. आबांना डोळे दाखवायचेत, मी नेते. त्या वाटेवर एकदा फॅन बेल्ट तुटला. आबा शेजारी बसून चाती फिरवत लोकर कातत होते, रिकामा हात त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांनी ती कातलेली लोकर तिपेडी वळली, पीळ दिला आणि म्हणाले, "ही बांधून बघ." बांधली. थांबत थांबत, इंजिन थंड करत, त्या लोकरीच्या दोरीवर आम्ही बारामती गाठली. दुकानदार म्हणाला, "वैनी, मालकांना पाठवा, बेल्टचं माप असतं." मी तुटका बेल्ट त्याच्यापुढं ठेवला. "मालक ऊस घेऊन गेलेत. माप हे आहे." तो बेल्ट शोधता शोधता म्हणाला, "मग गाडी आली कशी?" मी त्याला बाहेर नेऊन दाखवलं. त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, त्यानं पलीकडच्याला. सगळी गल्ली बॉनेटमध्ये वाकून लोकर बघत होती आणि आबा सीटवर बसून शांतपणे चाती फिरवत होते.

हुरड्याला आम्ही लोणी भापकरला गेलो, माझ्या नणंदेकडं. तिकडं पाट नाही, सगळं जिरायत, पण ज्वारी अशी की दाण्यात दूध भरलेलं. सासूबाई पुढं बसल्या, मागं शेजारच्या बायका, जागा संपली तरी बायका संपेनात. बारामती सोडली आणि मी पुढची काच बॉनेटवर आडवी केली. वारा तोंडावर. बायका आधी किंचाळल्या, मग हसल्या, मग गायला लागल्या. सासूबाई मात्र काही बोलेनात. मला वाटलं, घाबरल्या. विचारलं तर म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मेंढरामागं चालले, पोरी. कोकणात गेले, आले, किती येळा गेले. चालताना नजर पायाखाली आसती, काटा बघाया लागतो. असं बसून रान कधी बघितलंच न्हवतं." मग त्या उजवीकडं-डावीकडं बघत राहिल्या. ज्वारीची शेतं, मधे बाभळी, लांब डोंगराची रेघ. आगटीत भाजलेल्या गरम हुरड्यापेक्षा मला त्यांचा तो चेहरा जास्त लक्षात राहिलाय. आणि हुरडाही फार चांगला होता, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घालून.

एवढं सगळं झालं तरी माझं तोंड उघडेना. शब्द माझा होता. भर रस्त्यात, तावातावानं टाकलेला. आता तो गिळायचा कसा? कॉलनीत वाढलेल्या मुलीला सगळ्या गोष्टींना कारण द्यायची सवय असते, आणि माझ्याकडं कारण नव्हतं. मी रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज हे संध्याकाळी जीप धुताना दिसायचे. फडक्यानं एकेक खिट्टी पुसत असायचे, माझ्याकडं न बघता. मला वाटायचं, ह्यांनाही आता नव्या गाडीची घाई झाली असणार, म्हणून गिऱ्हाइकासाठी चकाचक करतायत. हंगाम उतरणीला लागला. उसाची रानं मोकळी होऊन गाव एकदम लांबपर्यंत दिसायला लागलं. आणि एक दिवस हे म्हणाले, "रविवारी बारामतीचं एक वकील येनार हायत बघाया. पसंत पडली तर लगीच नेतील." मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन उगाच डबे घासत बसले.

वकीलसाहेब आले. पन्नाशीचे, गोल, हसरे. जीप बघितल्याबरोबर त्यांचे डोळे असे चमकले की मी उठून जीपच्या जवळ जाऊन उभी राहिले. ह्यांनी गाडीच्या खोडी सांगायला सुरुवात केली. "ऑइल गळतं हिचं." वकील म्हणाले, "गळणारच. गळायचं थांबलं तर संपलं असं समजायचं." "स्टिअरिंगला खेळ हाय." "असू दे, मलाही कुठं घाई आहे?" "बॅटरी धरत न्हाय." "वा, म्हणजे रोज व्यायाम!" जितक्या खोडी सांगाव्या तितका तो माणूस खुलत चालला. शेवटी ते बैठकीवर बसले, नाक जरा उडवलं आणि म्हणाले, "हा वास कसला हो? छान आहे." झालं! मी मनात म्हटलं, गेली गाडी. असा माणूस काही हिला सोडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आदी जेवून घ्या." जेवण झालं. मग त्या म्हणाल्या, "चा घ्या." चहा झाला. "वाईच आडवं व्हा, ऊन हाय." वकील म्हणाले, "नको आई, ऊन उतरायच्या आत पोचतो." ते बाहेर आले तर हँडल जागेवर नाही. आबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "हँडल देवापुढं ठिवलंय. जनावर इकलं तरी आमी दावं देत न्हाय. घेनारानं आपलं दावं आनायचं."

खरंच आहे ते. आमच्यात शेळी विका, गाय विका, तिच्या गळ्यातली दोरी घरात राहते. दोरी गेली तर गोठ्याची बरकत जाते असं मानतात. पण जीपचं हँडल म्हणजे दावं, हे आबांनी त्या दिवशीच ठरवलं होतं. मला वाटलं, आता तरी वकील चिडतील. छे! ते हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे आबा. हँडल मी दुसरं करून घेईन. आज ढकलून चालू करू, इथून रस्त्यापर्यंत उतारच आहे." त्यांनी खटका फिरवला. बांधावरचे दोन गडी आले आणि मागं लागले. हे पण मागं लागले, मान खाली घालून.

जीप हलली. एक फेरा, दोन फेरे. चाकांखाली वाळलेली पानं वाजली. फाटक आलं.

"थांबा!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी सासरी तोपर्यंत ओरडले नव्हते. गाडी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"गाडी द्यायची नाही."

"का?" हे म्हणाले. आवाज अगदी बारीक.

आता कारणं सांगता आली असती. मेंढरांना लागते, रानात चालते, आबांना सोयीची पडते. सगळी खरी होती, पण त्यातलं एकही माझं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "मला आवडते म्हणून. मला पाहिजे ती."

वकीलसाहेब खाली उतरले. बॉनेटवर एकदा हात फिरवला, जरा रेंगाळले. मग म्हणाले, "ताई, विसार दिलेला नाही, तेव्हा माझी केस तशीही कच्चीच. आणि तुमचं कारण असं आहे की माझ्याकडं त्याला उत्तर नाही." त्यांनी सासूबाईंकडं आणखी एक कप चहा मागितला, तो पिऊन, जाताना चारदा वळून बघत, फाट्यावरच्या एसटीकडं चालत गेले. त्यांच्यासाठी मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

ते दिसेनासे झाले आणि सासूबाई मटकन ओसरीवर बसल्या. "आगं ये पोरी, मग आधी बोलायचं की! मी त्या मानसाला जेवू घालू घालू दमले!" आबा म्हणाले, "देवाफुडं खोटं दावं ठिवाय लावलंस मला," आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोघंही सांगायला लागले. घोडी जाणार म्हणून आबा रानात एकटेच बसून राहायचे. सासूबाईंनी तर खंडोबाला नारळ बोलला होता. पण नवी सून, शिकलेली, कॉलनीतली, तिला वास सहन होत नाही, तिचं मन मोडायचं नाही, असं त्यांनी लग्नाहून परतल्या दिवशीच आपापसात ठरवलं होतं. अख्खा हंगाम त्या घरात सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती आणि सगळे मूग गिळून बसले होते. मी हसत होते, आणि आत कुठंतरी मला फार भरून येत होतं. ह्या लोकांनी माझ्यासाठी काय सोडायला काढलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

तेवढ्यात लक्षात आलं, हे कुठं दिसत नाहीत. जीप फाटकातच उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी जवळ गेले, वाकले. "काय झालं? काय बिघडलं?"

"कायबी न्हाय. जरा बघतोय," आतून आवाज आला. आवाज धड नव्हता.

हातात ना पाना, ना फडकं. नुसते पाठीवर पडून वर बघत होते. मी पदर खोचला आणि मातीत आडवी होऊन त्यांच्या शेजारी गाडीखाली सरकले. त्यांच्या कानाशी ओघळ आलेले दिसत होते.

"तुम्हाला एवढी पाहिजे होती, तर मला एकदा सांगायचं की हो," मी म्हणाले.

ते माझ्याकडं वळले. मग मनगटानं डोळे पुसून म्हणाले, "तुला नको व्हती न्हवं? मग मला कशी पायजे आसंल?"